बाटलीवरची तारीख

आमच्या कामात माणसाला आयुष्याचा बराच भाग गुडघ्यांवर काढावा लागतो, आणि तोही रस्त्याकडे पाठ करून. समोर दगड असतो, दगडावर दगडफूल असतं, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, आणि भिंगातून नीट दिसायचं तर नाक दगडाला जवळजवळ टेकवावं लागतं. अशा वेळी मागून जाणारा प्रत्येक भला माणूस थांबतो आणि विचारतो, "काही हरवलंय का?" तीस वर्षांत मी या प्रश्नाला सगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. "नाही, दगडफूल बघतोय," असं खरं सांगितलं की ते जास्तच काळजीत पडतात. हल्ली मी "चावी" म्हणतो. मग ते बिचारे दोन मिनिटं माझ्याबरोबर चावी शोधतात आणि आपल्या वाटेने जातात.

दगडफूल हे फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा. दगडावर, झाडाच्या सालीवर, जुन्या भिंतीवर राखी, पिवळट, हिरवट चट्टे दिसतात ना, तेच. लोकांना ते रंग उडाल्यासारखे वाटतात. मला पगार मिळतो तो त्यांच्यातला फरक सांगण्याबद्दल. संग्रहालयाच्या तळघरात एकोणीस कपाटं आहेत, कपाटांत कागदी पाकिटं, पाकिटांत वाळलेले तुकडे, आणि या सगळ्याचा मी संग्रहपाल. शहरात दगडफुलं ओळखणारा मी एकटाच असल्यामुळे माझं सहसा चुकत नाही. चुकलं म्हणायला दुसरा कोणीतरी लागतो, आणि तो नव्हता. एकदा मी पुलाच्या कठड्यावरच्या एका पिवळ्या चट्ट्याचं अर्धं पान वर्णन लिहून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी रंगारी उरलेला कठडा रंगवायला आला तेव्हा मला त्या जातीचा उगम कळला. ते अर्धं पान मी अजून जपून ठेवलंय, कारण वर्णन चांगलं उतरलं होतं.

पण अशा फजितीचं मला काही वाटत नसे, कारण माझ्या नावावर एक जात होती. अख्ख्या जगात कोणाला माहीत नसलेली, मी शोधलेली, मी नाव दिलेली. आणि ते नाव मी माझ्या ताईचं दिलं होतं.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी नऊ. वडिलांची लाँड्री होती, गल्लीच्या तोंडाशी, एक गाळा पुढे आणि एक खोली मागे. ताईने कॉलेज सोडलं आणि वाफेची इस्त्री हातात घेतली. ती पुढे कपडे घेई, मागे धुई, आणि मी मधल्या टेबलाखाली बसून अभ्यास करी, कारण तिथे ऊब असायची. माझी फी, माझी पुस्तकं, पहिलं भिंगसुद्धा, सगळं लोकांच्या शर्टांच्या कॉलरींतून निघालं. तिने लग्न उशिरा केलं, मेव्हणे लवकर गेले, आणि लाँड्री चालूच राहिली. आज मी चौपन्न वर्षांचा आहे, वजन पंच्याण्णव किलो, आणि ताई मला अजून "बारक्या" म्हणते.

तर ती जात. अकरा वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत, पाण्याच्या टाकीएवढ्या एका काळ्या दगडावर, मला ती सापडली. दिसायला अगदी आमच्या साध्या राखी दगडफुलासारखी. हे साधं म्हणजे इतकं साधं, की शहरातल्या प्रत्येक कुंपणाच्या भिंतीवर मिळतं. पण दगडफुलांच्या दिसण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. वरचा राखी पापुद्रा ब्लेडने खरवडायचा, आतला पांढरा कापूस दिसला की त्यावर ब्लीचचा एक थेंब सोडायचा. हो, तेच ते, कपड्यांचं ब्लीच. साध्या जातीत तो कापूस लगेच लालभडक होतो. मी त्या दगडावर थेंब टाकला आणि बघत बसलो. लाल नाही. पुन्हा टाकला. लाल नाही. त्या महिन्यात मी चार वेळा खाणीत गेलो, त्या दगडावर तेवीस ठिकाणी थेंब टाकले, आणि कुठेही लाल झालं नाही. चौथ्या खेपेला तर मला तिच्या पानांचे काठही जरा जास्त कुरळे दिसायला लागले. ठरवून बघितलं की काय काय दिसतं याला सुमार नाही.

मी निबंध लिहिला. खोलात जाऊन रासायनिक तपासणी करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुना बाहेर पाठवून ती करून घेता आली असती, पण त्याला सहा महिने लागले असते आणि मला सहा दिवसांचाही धीर नव्हता. दोन परीक्षकांपैकी एकाने माझे स्वल्पविराम दुरुस्त केले आणि दुसऱ्याने अभिनंदन केलं. ताईच्या नावाला लॅटिनचं शेपूट लावून ती जात जगाच्या यादीत गेली.

त्या पानाची मोठी प्रत काढून, चौकटीत बसवून, मी स्वतः खिळा ठोकून लाँड्रीत लावली, काउंटरच्या मागे, कपडे घ्यायला आलेल्या माणसाची नजर पडेल अशी. वर तिचं लॅटिन नाव, मधे खाणीतल्या दगडाचा रंगीत फोटो, खाली बारीक अक्षरांत तारीख, जागा, माझं नाव. त्या दिवशी ताई चौकटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पदराने काच पुसली, जवळ जाऊन फोटोत काहीतरी बघितलं, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "आणि हे सगळं तू ब्लीच टाकून ठरवलंस?"

"त्याला रासायनिक चाचणी म्हणतात, ताई."

"म्हणजे आमच्यासारखंच की. आम्हीही नव्या कापडावर आधी आतल्या शिवणीला एक थेंब लावून बघतो."

त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक वकील होता, कोट न्यायला आलेला. मी नुकताच जगाच्या यादीत गेलेला होतो. मी म्हणालो, "तसं नसतं ते. तुझं धुणं वेगळं आणि हे विज्ञान वेगळं. त्यातलं तुला नाही कळायचं."

वकील हसला. ताईही हसली. ती म्हणाली, "बरं बाबा," आणि त्याचा कोट आणायला आत गेली.

त्यानंतर अकरा वर्षं ताईने प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती चौकट दाखवली. "हे माझ्या नावाचं दगडफूल. माझ्या भावाने शोधलंय. जगात दुसरं नाही." मी हे कित्येकदा बाहेर उभा राहून ऐकलं आणि मगच आत गेलो, तिचं सांगून व्हावं म्हणून. आणि मध्येच शिरलो तर तिने पहिल्यापासून पुन्हा सांगावं, अशीही सोय करून ठेवली होती.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. वर्षातून एकदा मी हौशी लोकांना खाणीत फिरायला नेतो. या वेळी आठजण होते, त्यांत एक दातांची डॉक्टर. हात असे हलके, की मी तीस वर्षांच्या सरावानंतरही पापुद्रा खरवडताना अर्धं दगडफूल उचकटतो, आणि तिने पहिल्याच खेपेला नखाएवढी खिडकी उघडली, खाली पांढरा कापूस स्वच्छ. वाटेतल्या साध्या दगडफुलांवर सगळ्यांनी माझ्या बाटलीतले थेंब टाकले, लाल झालेलं बघितलं, वा वा केलं. मग मी त्यांना माझ्या दगडापाशी नेलं आणि दरवर्षीचं भाषण केलं. भाषणाच्या शेवटी मी दरवर्षी म्हणतो, "दुर्मीळ आहे, कृपया हात लावू नका." या एका वाक्याने अकरा वर्षं माझी लाज राखली होती, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, दगडावरच्याला नाही लावत हात. पण हा खाली गळून पडलेला तुकडा आहे, याच्यावर टाकू का?"

मी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिने तुकडा तळहातावर घेतला, खिडकी उघडली, थेंब टाकला. कापूस लाल झाला.

"हा शेजारच्या दगडावरून पडला असेल," मी म्हणालो.

शेजारी दगड नव्हता. मग मीच फुशारकीने चाकू काढला आणि माझ्या दगडावरचा, माझ्या जातीचा, एक बारीक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. तोही लाल झाला.

"माझी बाटली खराब असेल," मी म्हणालो.

"माझ्याकडे आहे ना," ती म्हणाली, आणि तिने पिशवीतून एक छोटी बाटली काढली. "आम्ही दाताची मुळं धुवायला हेच वापरतो. हे परवाच उघडलंय. जुनं झालं की यात काही जोर राहत नाही, सर, नुसतं पाणी होतं."

तिच्या थेंबाने तर असा लाल रंग चढला, की मागे उभी असलेली माणसंही "आहा" म्हणाली. त्यांना वाटलं हाच कार्यक्रमाचा कळस आहे. आठजण माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कधी माझं डोकं वर जायला लागलं तर उपयोगी पडेल. मी म्हणालो, "ऊन. उन्हाने कधी कधी होतं असं."

आभाळ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात जाऊन मूळ नमुन्याचं पाकीट उघडलं. जगात त्या जातीबद्दल वाद झाला तर शेवटचा निवाडा या तुकड्याने व्हायचा. मी मोहरीएवढा कोपरा खरवडला, बाजारातून आणलेली कोरी बाटली फोडली आणि थेंब टाकला. लाल. मग मी जुनी वही काढली. तेवीस ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ब्लीच, बदल नाही. पहिल्या पानावर सामानाची यादी होती: भिंग, छिन्नी, ब्लेड, पाकिटं, ताईची बाटली.

त्या काळात ब्लीच मी ताईकडूनच घ्यायचो. मोठ्या डब्यातून ती मला तपकिरी ड्रॉपरच्या बाटलीत ओतून द्यायची आणि दर वेळी सांगायची, "दोन महिने झाले की परत आण, बदलून देते." मला तो बायकांचा काटेकोरपणा वाटे. बाटली माझ्या पाठपिशवीत, उन्हातान्हात पडून असायची. निबंध छापून आल्यावर संग्रहालयाच्या भांडारातून मला बाटल्या मिळू लागल्या आणि ताईकडे बाटली बदलायला जाणं बंदच झालं. आणि ऐका, बाटलीत जोर आहे की नाही हे बघायला आधी शेजारच्या साध्या दगडफुलावर एक थेंब टाकायचा असतो. एक थेंब, पाच सेकंद. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देतो, आणि खाली दोन रेघा मारतो. त्या महिन्यात मी स्वतः ते केलं नव्हतं. साधं दगडफूल मला नजरेने ओळखू येतं, त्यावर थेंब कशाला वाया घालवा, असा माझा विचार होता.

तीन दिवस मी मूग गिळून बसलो. माझी अब्रू जाणार याचं वाईट वाटत होतंच, ते मी लपवत नाही. पण अब्रू अशी काय होती? तळघरात एकट्याची. रात्रंदिवस डोक्यात एकच होतं, की ताईला काय सांगू. तिच्या हातात आयुष्यभर लोकांचे कपडे होते. ते सगळे ज्याचे त्याच्याकडे परत गेले. तिचं स्वतःचं म्हणून भिंतीवर लावण्यासारखं एवढं एकच होतं, आणि ते मी दिलं होतं, आणि ते नव्हतंच. गप्प बसलो असतो तर खपलं असतं. डॉक्टरबाईंनी मात्र चौथ्या दिवशी फोन करून अदबीने विचारलं, "सर, तो उन्हाचा परिणाम कुठे वाचायला मिळेल?" मी म्हणालो, कळवतो.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती त्या महिनाअखेर लाँड्री बंद करणार हे ठरलेलंच होतं. ती म्हणाली, "बारक्या, रविवारी सामान हलवायला माणसं येतायत. त्याच्या आधी तू ये आणि तेवढी चौकट उतरवून दे. ती मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

रविवारी सकाळी गेलो. दुकानाचं अर्धं शटर वर होतं. कपडे टांगायचे दांडे रिकामे होते आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला मागची भिंत दिसली. तिला कोणता रंग होता ते मी विसरून गेलो होतो. ताई स्टुलावर बसून खोक्यांवर नावं घालत होती. त्यासाठीही तिने कपड्यांवर खुणा करायची काळी शाई घेतली होती, कितीही धुतलं तरी न जाणारी. काउंटरवर एक शेवटचा शर्ट होता, तो न्यायला येणारा माणूस आत आला.

"हा डाग निघाला नाही का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला विचारलं होतं कधीचा आहे, तुम्ही म्हणालात कालचा," ताई म्हणाली. "हा पंधरा दिवसांचा आहे. खरं सांगितलं असतं तर वेगळं काही केलं असतं."

तो माणूस वरमला आणि शर्ट घेऊन गेला. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय. डाग कशाचा हे ताई कधीच आधी विचारत नाही. कधीचा, हे विचारते.

मी स्टुलावर चढलो. अकरा वर्षांपूर्वी मी खिळा असा ठोकला होता की आता तो निघेना. विज्ञानात नसलेली खात्री मी त्या खिळ्यात ओतली होती. शेवटी चौकट हातात आली, मी खाली उतरलो आणि ती काउंटरवर ठेवली. ताई कापडात गुंडाळायला पुढे आली.

"थांब," मी म्हणालो. "ताई, हे चुकलेलं आहे."

"काय?"

"ही जात. अशी जात नाहीच. ते साधं दगडफूल आहे, भिंतीवर असतं ते. माझं ब्लीच मेलेलं होतं म्हणून लाल झालं नाही. मागच्या रविवारी ताजं टाकलं, झालं लाल."

बोलून टाकलं आणि मला एकदम रडू आलं. चौपन्न वर्षांचा, पंच्याण्णव किलोंचा माणूस रिकाम्या लाँड्रीत उभा राहून नाक ओढत होता, आणि हाताशी पुसायला एकही कपडा उरलेला नव्हता. ताईने हातातलं गुंडाळायचं फडकं पुढे केलं. मग ती काउंटरवर वाकली आणि तिने काचेवर बोट ठेवलं.

"ही बाटली का?"

फोटोत दगडफुलाच्या शेजारी माझी ड्रॉपरची बाटली उभी होती. आकाराचा अंदाज यावा म्हणून असं काहीतरी ठेवतात. पट्टी मी घरी विसरलो होतो. बाटलीच्या गळ्याला कापडी फितीचा तुकडा बांधलेला होता, लाँड्रीत कपड्यांना बांधतात तसा.

"भिंग काढ," ताई म्हणाली.

मी भिंग काढलं. गेली अकरा वर्षं मी जगातल्या प्रत्येक चट्ट्याला भिंग लावलं, या फोटोला लावलं नव्हतं. फितीवर ताईचं अक्षर होतं, काळ्या शाईत: भरली, आणि पुढे तारीख. फोटोच्या खाली मी छापलेली तारीख होती, नमुना गोळा केल्याची. दोन्ही एकाच काचेखाली, चार बोटांच्या अंतरावर. मी महिने मोजले. नऊ.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ताई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं की. ब्लीच टाकून ठरवलंस का, म्हणून विचारलं. पुढे बाटलीचंच विचारणार होते." ती फडक्याची घडी घालायला लागली. "तू म्हणालास, त्यातलं तुला नाही कळायचं. मला वाटलं, यांच्याकडे शिळंच लागत असेल. एवढा शिकलाय, उगाच का शिळं वापरेल?"

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच तसं समजली होती. अकरा वर्षं रोज सकाळी शटर उघडल्यावर माझी चूक तिच्या डोळ्यांसमोर होती, तिच्याच अक्षरात, आणि तिने स्वतःच्या इतक्या वर्षांच्या अनुभवापेक्षा माझ्या एका वाक्यावर जास्त विश्वास ठेवला होता. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी म्हणालो, "ताई, मी मूर्ख आहे."

"ते आता राहू दे. माझ्या नावाचं काय होणार?"

"मला चूक छापावी लागेल. मग ते नाव साध्या जातीच्या नावाखाली जाईल. पुसत नाहीत, याला पूर्वी चुकून असंही म्हटलं होतं, म्हणून खाली बारीक अक्षरात कायम राहतं."

"कायम?"

"कायम."

ताईने यावर थोडा विचार केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच होता. "आणि चूक कशाने झाली ते लिहावं लागतं?"

"हो. ब्लीच जुनं होतं म्हणून."

"तेवढंच लिहायचं नाही. लोक म्हणतील, हिच्या लाँड्रीत शिळं ब्लीच असायचं. बाटलीवर तारीख होती, ती वाचली नाही, असं लिही."

"लिहितो."

"कुणी वाचली नाही, तेही."

"लिहितो, ताई."

तिने चौकट गुंडाळली नाही. शाईची बाटली बंद केली, खोक्यांमधून ब्लीचचा डबा ओढला आणि एका छोट्या बाटलीत ओतलं. फीत बांधली. फितीवर तारीख घातली. मग म्हणाली, "चल, तो दगड दाखव मला. अजून मी पाहिलाच नाहीये."

दरवर्षी सात-आठ अनोळखी माणसांना मी त्या दगडापाशी घेऊन गेलो होतो. तिच्या नावाचं दगडफूल तिला दाखवायला न्यावं असं अकरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ती दुकानात उभी राहून लोकांना फोटो दाखवत होती.

सामान हलवणाऱ्या माणसांना दुपारी यायला सांगितलं आणि रिक्षाने खाणीपर्यंत गेलो. शेवटचा चढ ती माझा दंड धरून चढली, दर दहा पावलांवर थांबत. दगडापुढे मी माझी पाठपिशवी जमिनीवर अंथरली आणि ती हळूहळू गुडघ्यांवर बसली. मी भिंग दिलं. कसं धरायचं ते सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तिने ते डोळ्याशी नेलं आणि नाक दगडाला टेकवलं. आयुष्यभर कापडाचा धागा बघणाऱ्या बाईला मी काय शिकवणार होतो?

"सुंदर आहे की रे," ती म्हणाली. "झालर आहे काठाला."

"ब्लेडने वरचा पापुद्रा..."

"कळलं." तिने बाटली हातात घेतली, पण माझ्या दगडावर थेंब टाकला नाही. इकडेतिकडे बघितलं, हात लांब करून वाटेच्या कडेच्या एका लहान दगडावरचं साधं दगडफूल खरवडलं आणि पहिला थेंब त्याच्यावर टाकला. ते लाल झालं. "बाटली चांगली आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग आपल्या नावाच्या दगडफुलाकडे वळली.

तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून तर नाहीच. मी शेजारी उभा राहून नुसता बघत होतो.

दुसरा थेंब पडला. लाल.

ती बराच वेळ आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिली. रंग फिका होईपर्यंत. "सारखीच आहेत," ती म्हणाली.

मागच्या पायवाटेवरून कुत्र्याला घेऊन एक गृहस्थ चालले होते. ते थांबले. एक म्हातारी बाई गुडघ्यांवर, दगडाला नाक लावून, आणि शेजारी रडवेल्या तोंडाचा एक जाडा माणूस. त्यांनी काळजीने विचारलं, "काही हरवलंय का?"

मी सवयीने "चावी" म्हणणार होतो.

"हो," ताई मान न वळवता म्हणाली, "माझ्या नावाचं दगडफूल होतं एक. माझ्या भावाने शोधलं होतं. या, बघायचंय का? आधी बाटलीवरची तारीख वाचा."

ते गृहस्थ खरंच आले आणि वाकले. मी कुत्र्याची दोरी धरून उभा राहिलो, आणि ताईने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.